गोळी, देऊळ आणि आतली कडी

मागच्या रविवारी वरच्या मजल्यावरच्या काकूंकडे ड्रिल घेऊन गेलो होतो. बेडरूमच्या दाराला आतून कडी बसवायची होती. "वाऱ्याने आपटतं रे दार," काकू म्हणाल्या. त्या खोलीत वारा यायला जागाच नाही. हॉलमध्ये त्यांचा एकोणीस वर्षांचा मुलगा मोबाईलवर गेम खेळत होता, आणि काकूंनी भर उकाड्यात पूर्ण बाह्यांचा ड्रेस घातला होता. मी काही विचारलं नाही. कडी बसली, काकूंनी ती दोनदा लावून-उघडून पाहिली आणि मग मुलासाठी पोहे करायला गेल्या. (ओळख पटू नये म्हणून थोडे तपशील बदललेत.)

आमच्या देवनारच्या बिल्डिंगीचा निकाल कधीचाच लागलाय: "लाडावून ठेवला. संस्कार नाहीत." विषय बंद!

हा निकाल आपल्याला लहानपणीच पाठ करून दिलेला असतो. फाशी जाणारा चोर आईचा कान चावतो, ती गोष्ट आठवते ना? चोरी त्याची, शिक्षा सरकारची, आणि कान आईचा. दुसऱ्या बाजूला 'श्यामची आई'. मुलगा चांगला निघाला तर श्रेय आईचं. मग वाईट निघाला तर बिल कुणाच्या नावावर फाडायचं, हे वेगळं सांगायला नकोच. बाप ह्या हिशोबात बहुतेक रजेवर असतो.

तुम्ही म्हणाल, आपल्या सिनेमांनी तर अशा आईला देवी केलंय. हो, केलंय. आणि माझं भांडण नेमकं तिथेच आहे.

सुरुवात घराजवळूनच करतो. आमच्याकडून चेंबूरच्या दिशेने निघालं की सायन-ट्रॉम्बे रोडवर आर. के. स्टुडिओची जागा लागते. २०१७ मध्ये स्टुडिओला आग लागली, २०१९ मध्ये गोदरेजने ती जागा घेतली, आता तिथे फ्लॅट आहेत. त्या आर. के.चा 'आवारा' (१९५१) बघा. मुलगा गुन्हेगारांच्या नादी लागलाय आणि आई लीला चिटणीस समजून चाललीय की पोरगं कामधंद्याला लागलं. मुलगा असा का झाला, हा प्रश्न कोर्टात बापाला विचारला जातो हे मान्य. पण आई अंधारातच. तिला काही दिसतंय, काही खटकतंय, ही शक्यताच नाही.

मग 'मदर इंडिया' (१९५७). बिरजू सावकाराच्या मुलीला लग्नातून पळवून नेतो आणि राधा त्याला गोळी घालते. मेहबूब खानने हीच गोष्ट १९४० मध्ये 'औरत'मध्ये सांगितली होती, म्हणजे हा रिमेकच. 'दीवार' (१९७५) मध्ये निरुपा रॉय इन्स्पेक्टर मुलाच्या हातात पिस्तूल देते आणि दुसऱ्या मुलाची वाट बघायला देवळात जाते. 'वास्तव' (१९९९) मध्ये रीमा लागू रघूला त्याच्याच पिस्तुलाने 'मोकळं' करते.

एक गंमत बघा. १९५७ मध्ये नर्गिसने ज्याला गोळी घातली तो सुनील दत्त. पुढे ते नवरा-बायको झाले, आणि १९९९ मध्ये रीमाने ज्याला गोळी घातली तो त्यांचाच मुलगा! आणखी एक. नर्गिस आणि सुनील दत्त दोघंही जून १९२९ चे. रीमा लागू संजय दत्तपेक्षा जेमतेम वर्षाने मोठी. म्हणजे आई म्हणून आपल्याला कुठलीही बाई चालते, फक्त केस पांढरे करायचे. पंचेचाळीस वर्षांची, लोकलने नोकरीला जाणारी, रात्री पोराच्या चपलांचा आवाज आला की दचकणारी आई आपल्या लेखकांना नकोय. त्यांना पुतळा हवाय.

'मदर इंडिया'वर मी अन्याय करत नाहीये. दुसऱ्या मुलीच्या अब्रूसाठी पोटच्या पोराला गोळी घालणं ही लहान गोष्ट नाही. राधाचा बिरजूवर जास्त जीव होता, हेही सिनेमा लपवत नाही. पण ह्या सगळ्या गोष्टींत मुलाच्या रागाला कारण दिलेलं असतं: सावकार, गरिबी, पळून गेलेला बाप, गँग. आणि तो राग मुख्यतः घराबाहेर फुटतो. आईपुढे वाघाचं मांजर! पोरगं आईवरच हात उचलतं, आईला त्याची भीती वाटते आणि तरी ती त्याच्यासाठी पोहे करते, ही गोष्ट कुठाय? आम्ही आयटीवाले ह्याला म्हणतो, लॉग न वाचता थेट सर्व्हर बंद करणं. शेवटच्या रिळात गोळी घातली की मधल्या वीस वर्षांचे प्रश्न विचारावे लागत नाहीत. टाळ्या वाजतात, आपण घरी जातो.

बाहेर कुणीतरी हे लिहिलंय. लायनेल श्रायव्हरची 'वी नीड टू टॉक अबाउट केव्हिन' ही कादंबरी २००३ ची, सिनेमा २०११ चा. मुलाने शाळेत माणसं मारलीत. आई त्याला गोळीही घालत नाही, माफही करत नाही. ती तुरुंगात भेटायला जाते. मुलगा जन्मतः असा की आईचं प्रेम कमी पडलं, ह्याचं उत्तर लेखिका देत नाही. आणि हे नुसतं कादंबरीत नाही. १९९९ च्या कोलंबाइन हत्याकांडातल्या एका मुलाची आई, सू क्लेबोल्ड, हिने २०१६ मध्ये पुस्तक लिहिलं. तिचं सगळ्यात त्रासदायक सांगणं हेच, की मी प्रेम केलं आणि तरी मला कळलं नाही.

"पण सिनेमा म्हणजे समाजसेवा आहे का?" नाही हो. पण माणसाला जे रस्ते गोष्टीत दिसतात तेच घरात सुचतात. काकूंना दोनच माहीत आहेत: सहन करा नाहीतर पोराला 'संपवा'. मलाही तेवढेच माहीत होते. परवा शोधलं तेव्हा कळलं की २००५ चा कौटुंबिक हिंसाचाराचा कायदा फक्त नवऱ्यासाठी नाही, आई मुलाविरुद्धही त्याखाली दाद मागू शकते. आणि पोलिसांच्या जागेतच समुपदेशक बसवणारा 'महिला व मुलांसाठी विशेष कक्ष' १९८४ मध्ये मुंबईत सुरू केला तो टाटा इन्स्टिट्यूट ऑफ सोशल सायन्सेसने. ही संस्था १९५४ पासून कुठे आहे? देवनारला! आर. के.च्याच रस्त्यावर. रस्ता एकच, पण आम्हाला पाठ आहेत ते स्टुडिओवाले.

उद्या काकूंकडे जाणार आहे. ह्यावेळी ड्रिल नेणार नाही, हे सगळं एका कागदावर लिहून नेणार आहे. त्या म्हणतील, "वारा असतो रे." म्हणू देत. मी ह्यावेळी विचारणार आहे.