उजव्या हातातला ब्रेक

मुलांना सायकल शिकवताना घरोघरी एक ताकीद हमखास मिळते: पुढचा ब्रेक दाबू नकोस, तोंडावर पडशील. ताकीद काळजीपोटीच असते, पण तिच्यामुळे सायकलचा अधिक ताकदीचा ब्रेक मुलाच्या लेखी कायमचा बाद होतो. मग वायर गंजते, रबर कडक होतं आणि सायकल दुरुस्तीला नेली, तरी चौकशी फक्त मागच्या ब्रेकची होते.

ही सवय मोडायला हवी. ब्रेक लागला की सायकल मंदावते, पण स्वाराचं शरीर त्याच वेगाने पुढे जाऊ पाहतं. भार पुढच्या चाकावर येतो, मागचं चाक हलकं होतं. हलक्या चाकाची रस्त्यावरची पकड सुटते. ब्रेक करकचून दाबला तर ते फिरायचं थांबतं आणि सायकल मागून घसरत आडवी होते. कोरड्या डांबरी रस्त्यावर ताशी 20 किलोमीटर वेगाने जाणारी सायकल पुढचा ब्रेक नीट वापरल्यास ब्रेक लागल्यापासून साधारण 3 मीटरांत थांबू शकते. नुसत्या मागच्या ब्रेकने तिला जवळपास दुप्पट अंतर लागतं. गल्लीतून अचानक रिक्षा पुढ्यात आली, तर त्या जादा 3 मीटरांतच टक्कर होते.

तोंडावर पडण्याची भीती जुनी आहे. एकोणिसाव्या शतकातल्या उंच चाकाच्या सायकलींवर स्वार जवळजवळ पुढच्या आसाच्या डोक्यावर बसे, त्यामुळे जरा अडखळलं की तो उलटून पडे. 1885 साली जॉन केम्प स्टार्ली यांची ‘रोव्हर’ आली, दोन्ही चाकं जवळपास सारखी झाली, स्वार खाली आणि मागे आला. आजच्या सायकलवरूनही माणूस पुढे फेकला जाऊ शकतो, हे खरंच. पण बऱ्याचदा त्याचं कारण असं की सायकल थांबते आणि सैल सोडलेल्या हातांवरून शरीर पुढे जातं. ब्रेक दाबताना हात ताठ ठेवून हँडलवर रेटा द्यायचा आणि बूड सीटवर थोडं मागे सरकवायचं, हे कुणी शिकवतच नाही.

मोटारसायकलींबाबत सरकारने हा प्रश्न कायद्याने सोडवला. 2019 च्या एप्रिलपासून 125 सीसीपर्यंतच्या सगळ्या नव्या दुचाकींना एबीएस नाही तर जोडब्रेक सक्तीचा झाला. जोडब्रेकमध्ये मागचा दाबला की पुढचाही लागतो. सायकलला अशी सक्ती नाही, म्हणून तिथे शिकवण्यालाच महत्त्व. आपल्याकडे सायकलचा पुढचा ब्रेक सहसा उजव्या हातात असतो, मोटारसायकलचाही तिथेच. आज सायकलवर बसलेली सवय उद्या गाडीवरही उपयोगी पडेल.

अर्थात पुढचा ब्रेक हिसक्याने दाबायचा नसतो. मोकळ्या मैदानात, कमी वेगात, आधी दोन्ही ब्रेक हलके लावावेत आणि पुढच्यावरचा जोर हळूहळू वाढवावा. मागचं चाक घसरू लागलं की मर्यादा जवळ आली. तेव्हा हात थोडा सैल करावा. वाळू, चिखल, ओले रंगवलेले पट्टे किंवा वळण असेल, तर पुढचा ब्रेक अगदी जपून लावावा. पावसात रिमवरचं पाणी पुसलं जायला चाकाचे काही फेरे जातात, विशेषतः जुन्या स्टीलच्या रिमवर. म्हणून घाटात उताराला लागण्याआधीच ब्रेक हलके लावून रिम कोरडी करून घ्यावी.

जूनमध्ये शाळा उघडतात आणि पाऊसही येतो. शाळांनी त्याच आठवड्यात मुलांच्या सायकली तपासाव्यात: पुढचा ब्रेक पूर्ण दाबला तरी लिव्हर हँडलला टेकता कामा नये, आणि रबरावरच्या खाचा अजून दिसायला हव्यात.