एकवृक्क बालके : व्यक्तावस्थेची वाट का पाहावी?

हजार ते दोन हजार जन्मांमागे साधारणतः एक बालक एकच वृक्क घेऊन जन्मास येते. काहींचे दोन्ही वृक्क असतात, परंतु त्यांपैकी एक निकामी असतो. हा प्रश्न केवळ महानगरांतील तज्ज्ञांचा आहे असे मानण्याचे कारण नाही. अल्लीपूर आणि भोवतालच्या खेड्यांतील असे बालक ज्वर, कृमी वा अतिसारासाठी प्रथम आपल्याच चिकित्सालयाची पायरी चढते.

रक्त व मेद यांच्या प्रसादभागापासून वृक्कांची उत्पत्ती सुश्रुताचार्यांनी सांगितली, ती द्विवचनात. जोडीतील एक नसता दुसरा गर्भावस्थेतच वाढू लागतो व दोघांचे काम पत्करतो. निसर्गाची ही योजना स्तुत्य असली तरी फुकटची नव्हे. प्रत्येक सूक्ष्म गाळणीवर दाब वाढतो आणि काही बालकांत वर्षानुवर्षांच्या त्या ताणाने गाळण्या झिजतात. नेदरलँड्समध्ये 2011 साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अशा बालकांपैकी सुमारे एक तृतीयांश मुलांत दहाव्या वर्षाच्या आसपास वृक्कबाधेची चिन्हे आढळली. ही मुले रुग्णालयात येणारी होती हे ध्यानी घेऊन तो आकडा थोडा सैल धरावा; मात्र तो दुर्लक्षिण्याजोगा नाही.

षट्क्रियाकाल पाठ असलेल्या वैद्यास संचय व प्रकोप या अवस्थांचे महत्त्व सांगण्याची गरज नसावी. तरीही व्यवहारात आपण क्रिएटिनीनचा एक आकडा पाहून पालकांस निश्चिंत करतो. तो आकडा उशिरा वाढतो, आणि प्रयोगशाळेच्या कागदावरील मर्यादा बहुधा प्रौढांची असते. 110 सेंटिमीटर उंचीच्या बालकाचे क्रिएटिनीन 0.9 आले तर कागदावर ते 'प्राकृत' दिसते. उंचीला 0.413 ने गुणून क्रिएटिनीनने भागल्यास मात्र गाळण्याची गती 50 च्या जवळपास, म्हणजे अपेक्षेच्या जेमतेम निम्मी निघते.

ताणाची खूण याआधी दोन ठिकाणी उमटू शकते : रक्तदाबात आणि मूत्रातील अल्ब्युमिनमध्ये. तपासणीस सकाळचे पहिले मूत्र घ्यावे. अल्ब्युमिन-क्रिएटिनीन गुणोत्तर 30 च्या वर पुन्हा पुन्हा आल्यास बालवृक्करोगतज्ज्ञाकडे पाठवावे. रक्तदाब वर्षातून एकदा तरी मोजावा, बालकाच्या दंडास बसेल अशाच पट्ट्याने. मोठ्यांचा पट्टा गुंडाळून घेतलेला आकडा खोटे समाधान देतो. ताण वेळीच कळल्यास उपाय आहेत : रक्तदाब कसोशीने आटोक्यात ठेवल्यास बालकांतील वृक्कऱ्हास मंदावतो, हे 2009 च्या युरोपीय अभ्यासाने दाखविले आहे.

2013 पासूनच्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाच्या पथकांत आपलेच आयुष पदवीधर शाळा-अंगणवाड्यांतून फिरतात, सोबत औषधनिर्माताही असतो. कार्यक्रमाच्या जन्मजात दोषांच्या यादीत वृक्कदोष नाहीत. संघटनेने शासनाकडे त्यांचा आग्रह धरावा असे आमचे स्पष्ट मत आहे. तोवर 'सोनोग्राफीत वृक्काविषयी काही सांगितले होते काय?' एवढे मातेस विचारण्यास कोणाची अनुज्ञा लागत नाही.

आता औषधांविषयी, आणि येथे थोडे कटू लिहावे लागेल. मोठा झालेला, आधीच दुप्पट राबणारा वृक्क 'बलवान' करण्यासाठी मूत्रल द्रव्यांचे काढे महिनोन्महिने देण्यास आम्हांस आधार दिसत नाही. कृमींसाठी किडामारी वा सापसण कोणी सुचवीत असेल तर तत्काळ थांबवावे; या वर्गातील वनस्पतींतील अॅरिस्टोलोकिक आम्ल वृक्कांचा नाश करते, हे 1993 साली बेल्जियममधील स्त्रियांच्या उदाहरणाने जगापुढे आले. रसकल्प अशा बालकांस देऊच नयेत. औषधविक्रेत्यांनी आयबुप्रोफेन वा डायक्लोफिनॅक मागणाऱ्या पालकास मुलाच्या वृक्काविषयी विचारावे, विशेषतः वैशाखात, जेव्हा वऱ्हाडचे ऊन अंगातील पाणी शोषते आणि अतिसाराचे रुग्ण वाढतात.

बालकास सेवाग्राम वा सावंगीस पाठविताना चिठ्ठीवर त्याची उंची, रक्तदाबाचे आजवरचे आकडे आणि दिलेल्या सर्व औषधांची नावे, आपल्या कल्पांसह, लिहून द्यावीत.