पुस्तक गावाला नेऊ द्या


माझी आवडती कादंबरी ‘श्यामची आई’. साने गुरुजींनी ती १९३३ साली आपल्या नाशिकच्या तुरुंगात अवघ्या पाच दिवसांत लिहिली! गोष्टी मात्र कोकणातल्या पालगडच्या. माझी सहल पंचवटी नि पांडवलेण्यापर्यंतच झालेली, तरी पालगड मला पाहिल्यासारखे वाटते.

माझ्या बाकावरचा मित्र द्राक्षाचा हंगाम सरला की आईबापांबरोबर सुरगाण्याला परत जातो. यंदा त्याची श्यामची आई निम्मीच वाचून झाली आहे. पुस्तक फाटेल, हरवेल, म्हणून नेऊ देत नाहीत. माझे मत असे की, न्यायला द्यावे. फाटलेच तर आम्ही खळीने चिकटवू. आणि परत आल्यावर त्याने सुरगाण्याच्या डोंगराची हकिगत इथेच लिहावी. आमच्यापैकी कुणी तिकडे गेलेलेच नाही.