वरणावर कुऱ्हाड कशासाठी?

रक्ततपासणीच्या अहवालात यूरिक ॲसिड वाढलेले दिसले, की घरातली पहिली कुऱ्हाड तुरीच्या वरणावर कोसळते. नांदूरघाटच्या माझ्या दवाखान्यात अलीकडेच सत्तरी ओलांडलेले एक गृहस्थ सुनेसोबत आले होते. आकडा ७.४. सांधा कधी सुजला नव्हता, मुतखडाही नव्हता. तरी चार महिने वरण, मटकी, हुलगे, पालक सारे बंद! भाकरी-चटणीवर वजन पाच किलोंनी घटले होते आणि बाजेवरून उठताना हाताचा टेकू लागत होता.

कमी प्युरीनचा आहार आम्ही सुचवतो तो मुख्यतः दोन प्रकारच्या रुग्णांना. ज्यांना गाऊट, म्हणजे वातरक्त, आहे. आणि ज्यांचा मुतखडा यूरिक ॲसिडचा निघाला आहे. गाऊटचा झटका बहुधा रात्री येतो. पायाच्या अंगठ्याचा सांधा लालबुंद होतो, पांघरुणाचा स्पर्शही सोसवत नाही. (सुजलेल्या सांध्यासोबत ताप असेल, तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे जावे.) काहीच त्रास नसताना केवळ आकड्यासाठी कडक पथ्य सहसा लागत नाही. मूत्रपिंडाचे कार्य मात्र तपासून घ्यावे. रक्तदाबासाठी दिलेल्या, लघवी वाढवणाऱ्या काही गोळ्यांनीही यूरिक ॲसिड वाढते. पण त्या परस्पर बंद करू नयेत.

ज्यांना पथ्य खरोखर हवे, त्यांनी काळीज, गुर्दा, भेजा, सुकट आणि मद्य, त्यातही बिअर, टाळावी. मटण कमी करावे. बाटलीबंद गोड पेयेही तितकीच घातक, हे फारसे कुणाला ठाऊक नसते. डाळींचे काय? २००४ साली प्रसिद्ध झालेल्या अमेरिकेतील अभ्यासात ४७ हजारांहून अधिक पुरुषांचा १२ वर्षे मागोवा घेतला गेला. मांस व मासळीने गाऊटचा धोका वाढला. डाळी, कडधान्ये, पालक यांनी वाढला नाही. दूधदुभत्याने तर तो कमी झाला.

आणखी एक. काटेकोर पथ्यानेही यूरिक ॲसिड जेमतेम एका अंकाने उतरते. झटके वारंवार येत असतील, तर ते ६ च्या खाली ठेवण्यासाठी औषधच लागते. यूरिक ॲसिडच्या खड्यासाठी पाणी महत्त्वाचे. ऊसतोडीच्या फडात दिवसभर तहान मारणाऱ्यांनी हे विशेष ध्यानी घ्यावे. हृदय वा मूत्रपिंडाच्या रुग्णांनी मात्र पाण्याचे प्रमाण विचारूनच ठरवावे.

त्या गृहस्थांची मूत्रपिंडे ठीक होती. दोन्ही वेळा वाटीभर वरण आणि दुपारी ताक, असे मी लिहून दिले. सूनबाई दारापर्यंत जाऊन परतल्या, “डॉक्टरसाहेब, मग मटकी?”

“मटकीसुद्धा!”