शिक्क्याचे पैसे कोण देतो?

जबलपूरजवळचे नर्मदेवरील बरगी धरण १९९० मध्ये भरले. सरकारी अंदाज १०१ गावे बुडण्याचा होता. बुडाली १६२, आणि त्यांत सरकारने स्वतः उभारलेल्या काही पुनर्वसन वसाहतीही होत्या. ज्याला धरण बांधायचे होते, त्यानेच बुडिताचा हिशेब मांडला होता. अशा अनुभवानंतर सरकारी तपासनिसाऐवजी खासगी प्रमाणन संस्था आणावी, हा युक्तिवाद सहज पटतो. पण या बदलाने मूळ दोषाला हातही लागत नाही.

ब्राझीलमधील ब्रुमाजिन्यो येथे वाले कंपनीच्या खाणीतील गाळाचे धरण २५ जानेवारी २०१९ रोजी फुटले. २७० माणसे गेली. जेमतेम चार महिन्यांपूर्वी ट्यूफ ज्यूद या नामांकित जर्मन संस्थेच्या ब्राझीलमधील शाखेने ते स्थिर असल्याचा दाखला दिला होता. गणित कोणाला येत नव्हते असे नाही: सुरक्षा गुणांक निदान १.३ अपेक्षित असताना १.०९ निघाला होता. आधीच्या सल्लागार संस्थेने सही नाकारली, तेव्हा काम दुसऱ्या संस्थेकडे गेले. शिक्क्याच्या बाजारात 'नाही' म्हणणाऱ्याचे गिऱ्हाईक जाते, एवढाच त्याचा अर्थ.

हा दोष निव्वळ व्यक्तींच्या नीतीचा नाही, हे गुजरातेतील प्रयोगाने दाखवले. एस्थर डुफ्लो आणि सहकाऱ्यांनी २०१३ मध्ये प्रसिद्ध केलेल्या या अभ्यासात, कारखान्याने निवडलेल्या व त्याच्याच पैशावर चालणाऱ्या लेखापरीक्षकांच्या अहवालांत धूलिकणांची मर्यादा ओलांडणारे कारखाने अवघे ७ टक्के होते. फेरतपासणीत ते ५९ टक्के निघाले. मग परीक्षक चिठ्ठ्या टाकाव्यात तसे नेमले, मानधन सामाईक निधीतून दिले, अधूनमधून फेरतपासणी ठेवली. अहवाल खरे होऊ लागले आणि, अधिक महत्त्वाचे म्हणजे, प्रदूषणही घटले. (बाजाराच्या शिस्तीची महती गाणाऱ्यांनी हा निबंध मुळातून वाचावा.)

२०२१ च्या धरण सुरक्षा कायद्यात मोठ्या धरणांच्या सर्वंकष तपासणीसाठी स्वतंत्र तज्ज्ञमंडळाची तरतूद आहे. मात्र ती करवून घेण्याचे दायित्व धरणमालकावरच आहे. बरगीच्या बाबतीत मालक राज्यशासन आहे. उद्या अन्यत्र एखादी कंपनी असेल. म्हणून आधी तीन गोष्टी ठरायला हव्यात: तज्ज्ञांची निवड मालकाच्या हातून निघावी, त्यांचे मानधन सामाईक निधीतून जावे, आणि अहवाल धरणाखालच्या गावांना त्यांच्या भाषेत, पावसाळ्यापूर्वी मिळावा.