जुन्या वेलींची झिनफंडेल

रेड वाइन म्हणजे तुरट काढा, अशी ज्यांची ठाम समजूत आहे, त्यांच्या हाती आम्ही कॅलिफोर्नियातली ‘ओल्ड व्हाइन’ झिनफंडेल देतो. आधी तुतीच्या जॅमचा वास, मग मिरी, लवंग. जिभेवर दाट, गोडसर भासते. साखर मात्र बहुधा नावापुरतीच.

गंमत द्राक्षातच आहे. घड एकसारखा पिकत नाही. काही मणी हिरवट, काही काळेभोर, काही चक्क मनुका झालेले. त्या मनुकांमुळे रसातली साखर वाढते आणि आंबल्यावर अल्कोहोल १५ टक्क्यांपर्यंत, कधी त्याही वर जातं. म्हणून तांबड्या रश्शाबरोबर ही नको हो, तिखटाचा जाळ आणखी भडकतो! मिरी-खोबऱ्याचं बेताचं मटण करा आणि बाटली वीस मिनिटं फ्रिजमध्ये ठेवा.

लोडाय, सोनोमा, अमाडोर इथे शंभरी ओलांडलेल्या वेली मांडवाशिवाय, झुडपासारख्या उभ्या आहेत. घड थोडे धरतात, पण रस दाट. लेबलावरच्या ‘ओल्ड’ला मात्र अमेरिकन कायद्यात व्याख्या नाही, तेव्हा बागेचं नाव, लागवडीचं साल शोधावं.

या वेली वाचवल्या कुणी, तर गोड गुलाबी ‘व्हाइट झिनफंडेल’ने! १९७५ साली सटर होम वायनरीत आंबवण मध्येच थांबलं आणि ती गोड राहिलेली वाइन पुढे तुफान खपली. दर्दी मंडळी हसली, पण बागा टिकल्या. आता गुलाबीचा खप ओसरलाय आणि एकरी उत्पन्न परवडत नाही म्हणून जुन्या वेली उपटल्या जाताहेत. लोडायची बाटली दिसली की आम्ही दोन घेतो.