हा त्यांच्या घरचा प्रश्न?

पिंपरीच्या कामगार वस्तीत दोन बिऱ्हाडांमध्ये एकच पातळ भिंत असते. पलीकडे लागलेले गाणे अलीकडे ऐकू येते; मग पलीकडचा मार तेवढा ऐकू येत नाही, असे कसे म्हणावे? ऐकू येतो. आपण टीव्हीचा आवाज वाढवतो आणि म्हणतो, "हा त्यांच्या घरचा प्रश्न!"

१९८२ साली पुण्यात मंजुश्री सारडा ही तरुण विवाहिता मरण पावली. १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तिच्या पतीची निर्दोष मुक्तता केली. त्या निकालाविषयी मला येथे काही म्हणायचे नाही. पण बहिणीला व मैत्रिणीला तिने लिहिलेली पत्रे त्या खटल्यात पुरावा म्हणून वाचली गेली, ही गोष्ट मनातून जात नाही. म्हणजे ती बोलत होती! १९८२ मध्येच पुण्यात नारी समता मंच उभा राहिला. 'मी एक मंजुश्री' हे प्रदर्शन त्याने लोकांपुढे नेले, पुढे 'बोलते व्हा' हे केंद्र चालवले. नाव अगदी नेमके. मात्र बोलणारीला ऐकणारा जवळ हवा.

आपल्या पिंपरीत नेमकी तीच अडचण आहे. कारखान्यांच्या आधाराने येथे माणसे आली ती बीड-लातूरहून, थेट बिहारहूनही. बाईचे माहेर एका रात्रीच्या एस्टीवर. कडेवर मूल, हातात पैसा नाही, अशी बाई रात्री अकरा वाजता कोठे जाणार? सरकारी कार्यालये दिवसा उघडतात. मार रात्री बसतो. १८१ हा मदतीचा क्रमांक आहे खरा, पण मोबाईल नवऱ्याच्या खिशात असेल तर?

येथे शेजाऱ्याचे काम सुरू होते. कौटुंबिक हिंसाचाराचा २००५ चा कायदा २६ ऑक्टोबर २००६ पासून लागू झाला. त्याच्या चौथ्या कलमानुसार संरक्षण अधिकाऱ्याला खबर कोणीही देऊ शकते: शेजारी, मैत्रीण, विद्यार्थीसुद्धा. खबर सद्हेतूने दिली असेल तर देणाऱ्यावर खटला होऊ शकत नाही. सतराव्या कलमाने बाईला त्याच घरात राहण्याचा हक्क दिला, घर तिच्या नावावर नसले तरी. "घर माझे आहे, चालती हो," या दमात आता कायद्याचे बळ नाही. हे किती जणींना ठाऊक आहे? पदवीच्या वर्गात बसणाऱ्या किती जणांना?

राष्ट्रीय सेवा योजनेच्या शिबिरात आपण रस्ते झाडतो. त्यात वाईट काही नाही. पण यंदा एक दिवस वस्तीत जाऊन ही दोन कलमे साध्या मराठीत आणि हिंदीत सांगावीत. आणि महाविद्यालयाच्या सूचनाफलकावर, शिष्यवृत्तीच्या यादीशेजारी, संरक्षण अधिकाऱ्याचा पत्ता लावावा. तेथे सगळेच थांबतात. कोण काय वाचते आहे, ते कोणाला कळत नाही.